साडेतीन अक्षरांची शांतता

लातूर एमआयडीसी. डाळमिलची पॅनेलरूम.
मी आणि बोटाएवढा एक कंट्रोलर.
मेमरी दोन केबी, म्हणजे मन्मथअप्पांच्या
चंचीत सुपारीशेजारी मावेल एवढी आठवण.
त्याला बोलायला शिकवायचं होतं
दाण्यातली ओल मोजणाऱ्या एका हट्टी मीटरशी,
पिळलेल्या दोन तारांवरून,
मॉडबसच्या रीतीनं.

रीत सोपी आहे. एकानं विचारायचं.
ज्याचा नंबर घेतला, त्यानंच बोलायचं.
बाकीच्यांनी ऐकूनही गप्प राहायचं,
जे आमच्या गल्लीत कुणाला जमलेलं नाही.
आणि दोन निरोपांच्या मध्ये
साडेतीन अक्षरांची शांतता.

साडेतीन.
मुहूर्त साडेतीन ऐकले होते, पीठंही साडेतीन,
त्यातलं एक इथून दीड तासावर.
पण न बोलण्यालाही माप असतं
आणि तेही असं अर्ध्यात येऊन थांबतं,
हे मला मॅन्युअलच्या अकराव्या पानावर कळलं.
नऊ हजार सहाशेच्या वेगाला
ती भरते चार मिलीसेकंद.
चाळणीतून तुरीचा दाणा पडायला
याहून जास्त वेळ लागतो.

सोमवार. उत्तर नाही. ए आणि बी तारा उलट्या.
बदलल्या.
मंगळवार. उत्तर नाही.
टोकाला एकशेवीस ओहम लावला. नाही.
बुधवारी बेरीज तपासली, धाकटा बाइट आधी, थोरला मागून.
बरोबर होती.
मीटर नुसता हिरवा दिवा लावून बसलेला,
पाहुण्यासारखा.

दुपारी पॉलिशरचा कल्लोळ. एलेव्हेटरवर गोरखला
मी हातानं खूण केली, माल बंद कर.
माल चालूच.
अप्पा कानाशी येऊन ओरडले,
"मुबीना, हात लई लवकर खाली घेतीस तू.
त्यो बघूस्तर वर ठिवायचा आस्तो."

मी तिथंच उभी.
मग पळाले.

कोडमध्ये तेच तर करत होते मी.
शेवटचा बाइट अजून उंबऱ्यात,
आणि बोलण्याची पिन खाली ओढून मोकळी.
तीन दिवस मीटरला
माझं वाक्य तुटकंच ऐकू जात होतं.
तुटक्या वाक्याला तो उत्तर देत नव्हता,
यात त्याचं काय चुकलं?

एक ओळ वाढवली: पूर्ण जाईस्तोवर थांब.

आणि आले. सात बाइट. सगळे.
मी आकडा वाचला: चारशे बारा.
एक्केचाळीस पूर्णांक दोन टक्के ओल.
अप्पा म्हणाले, "मंग ही तूर न्हाई, वरण हाय."

पुस्तक एकापासून मोजतं, तार शून्यापासून.
मी शेजारच्या घराची कडी वाजवली होती,
तिथून दाण्याची ऊब सांगितली गेली.
उद्या एक कमी करून विचारायचं.

पाळी सुटली. फाटकापाशी
अप्पांनी वळून हात वर केला.
मी पाहिलं. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं,
मग हात खाली घेतला.