सहावा थर

गेल्या गुरुवारी तावेतने एकच फासा टाकला,
वीस पडले,
आणि माझी अख्खी कंपनी, चाळीस मजले, दोन उपग्रह,
तीन आठवड्यांची पेन्सिल,
ओल्या साबणासारखी हातातून निसटली.
उरलेली रात्र आम्ही खारवलेल्या काकड्या खात बसलो.

म्हणून आज पुन्हा चौकटींचा कागद.
बाहेर उणे अकरा. कोपलीची शेवटची ट्राम
वळणावर कण्हते नि जाते.
आधी वाटलं, आकडा वाढवू,
वीसच्या जागी सव्वीस, फार तर तीस.
पण उंच भिंत म्हणजे अवघड भिंत नव्हे.
तिच्यापुढे उभं राहून मान दुखते, एवढंच.

दिवसा मी मूगा बंदरावर कंटेनरची सीलं तपासते.
सतरा वर्षांत तोडलेलं सील पाहिलं ते दोनदा.
बाकीचे बिजागरीची खीळ काढतात,
दार उचलून बाजूला ठेवतात,
माल नेतात, दार जसंच्या तसं बसवतात.
सील शाबूत, नंबर बरोबर,
खाली माझी सही.
कुंपणाने शेत खाल्लं असंही म्हणता येत नाही;
कुंपण तिथेच उभं होतं,
पावती फाडत.

तर मग पहिला थर: दार उघडंच ठेवायचं.
उघड्या दाराला तावेत घाबरतो, ओळखते मी त्याला.
दुसरा थर दाराचा नाही, वेळेचा.
आत काढलेल्या दर मिनिटाला
एक वाळका वाटाणा बशीत टाकीन,
टण्ण, सगळ्यांना ऐकू जाईल असा.
कशासाठी, ते सांगणार नाही.
तिसऱ्यावर पहारेकरी. प्रोग्राम नव्हे, माणूस:
लेम्बित, रात्रपाळीचा, डावा गुडघा धरलेला.
तो पडद्याकडे बघतच नाही,
पंख्यांचा आवाज ऐकतो.
मशीन कुणासाठी जास्त राबायला लागलं
की पंख्याचा सूर चढतो,
आणि लेम्बित चहाचा मग खाली ठेवतो.
चौथा लिहिला, खोडला, परत लिहिला;
तिथे कागदच फाटलाय.
पाचवा म्हणजे चौथ्याचीच सावली.
सहावा सुचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.
मी एकटीच एवढी हसले
की शेजारच्या म्हातारीने भिंत ठोकली.

गुरुवार.
तावेत उघड्या दारापुढे पाऊण तास घुटमळला.
अकरा वाटाणे, बारा,
आइली बोटांवर मोजायला लागली.
ती गोदीत वेल्डिंग करते, कुलपांचा तिला कंटाळा.
तिने सरळ लेम्बितला फोन लावला:
काका, गुडघा कसा आहे?
मग माझा लेम्बित बोलत सुटला,
मुलीचं लग्न, मलमाचा वास, जुनी बोट,
मी कागदावर न लिहिलेलं सगळं,
माझ्याच तोंडातून.

मग पंख्याचा सूर चढला. (तो मी काढते, दातांतून.)
समोर सहावा थर, एका फाशाच्या अंतरावर.
माझे तळवे घामेजले.
आणि ओत्त, जो बस चालवतो,
जो महिन्यात चार वाक्यं बोलतो,
म्हणाला, "आता फिरू मागे.
मिळालं तेवढं पुष्कळ."

गेले. तीन फायली, सगळे जिवंत,
दारात बूट चढवताना एकमेकांच्या पाठी थोपटत,
असा डाव कधी झाला नाही म्हणत.

बशीत एकतीस वाटाणे. ते मी सूपसाठी भिजत घातले.
सहाव्या थराचा कागद घडी करून
डब्यात, फाशांच्या खाली.
त्यात काय आहे, ते इथेही सांगणार नाही;
माणसं परत येतात.

झोपायला गेले तर आइलीचा मेसेज:
लेम्बितचा गुडघा बरा होईल का गं?

मी लिहिलं, फासा टाकावा लागेल.