उपाशीपोटी

डंडीत डिसेंबरातले सकाळचे आठ म्हणजे रात्रच.
दवाखान्याच्या काचेमागची मुलगी पुकारते,
"मिसेस झोप?"
झोपे, असं म्हणायला तोंड उघडते मी
आणि मिटते.
लग्नात मिळालेलं आडनाव
पंचवीस वर्षांनी अंगाला बरोबर बसलंय.

काल रात्री नऊनंतर पाण्याखेरीज काही नाही.
सकाळची पांढरी गोळीसुद्धा नाही, ती रक्त दिल्यावर.
केस गळतात म्हणून आणलेली वेगळी गोळी
तीन दिवसांपासून बंद,
ती म्हणे आकड्यांना खोटं बोलायला लावते.
आई असती तर विचारलं असतं तिनं,
हा गं कुठल्या देवाचा उपास?
आहे एक, कंठाखाली ठाण मांडून बसलेला,
कामचुकार.
नैवेद्य रोज लागतो, पावत कधीच नाही.

बसडेपोत मी ड्रायव्हरांच्या पाळ्या लावते.
घरी गोळ्यांच्या.
सहाला थायरॉइडची, नुसत्या पाण्यासोबत, एकटी.
तासाभरानं चहा.
(तो तास किती मोठा असतो ते मला विचारा.)
लोहाची दुपारी, संत्र्याच्या रसाबरोबर,
कारण त्या दोघी सवती,
एका पोटात एका वेळी नांदत नाहीत.
बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन तीन महिन्यांनी, दंडात.
आणि डी...

डीचं थांबा जरा.
जळगावात, मे महिन्यात, सायकलवरून क्लासला जाताना
डोळे तेवढे उघडे, बाकी सगळा स्कार्फ,
कोपरापर्यंत हातमोजे,
तरी काकू ओट्यावरून ओरडायची,
उन्हात हिंडू नकोस, काळी पडशील, कोण करील तुला!
नाही पडले काळी. केलंही कुणीतरी.
आता तेच ऊन
मी बाटलीतून विकत घेते, थेंब मोजून,
तेलात कालवलेलं.

मागच्या वर्षी फोनवर म्हणाले, सगळं नॉर्मल.
मी नॉर्मलच जिना चढत होते, मधे एकदा बसून.
नॉर्मलच, ऑगस्टमध्ये पायमोजे घालून झोपत होते.
एका रविवारी कॅलमला दोन बसवर
एकाच वेळी लावलं,
तेही नॉर्मलच.
मग कागद मागितला.
शब्द नको, म्हटलं, आकडे द्या.
फेरिटिन अकरा, खालची रेघ दहा.
पस्तीस मार्कांनी सुटलेल्या पोराला
पेढे वाटतात, मान्य,
पण हुशार कुणी म्हणतं का त्याला?

आयलीद शीर शोधते.
डावीकडे सापडत नाही, उजवीकडे आहे पण पळते.
माझा हात ती दोन्ही तळव्यांत धरून चोळते,
आणि तिचेही तळवे गारच.
मी वर बघते.
तिच्या भुवया शेपटाकडे लवकर संपतात,
पुढचं पेन्सिलीनं काढलेलं.
मीही काढते. आज घाईत राहिलं.
तिनंही पाहिलंच असणार.
"किती?" ती विचारते.
"शंभर."
"माझी सव्वाशे."
बांगड्यांचं माप सांगावं
तसं सांगतो आम्ही एकमेकींना.

सुई आत. जांभळ्या टोपणाची नळी, मग पिवळ्या.
एवढंसं तर आहे माझ्याकडे,
तेही चौकशीला.
नळीवर नाव चिकटवताना ती थबकते,
हे म्हणायचं कसं?
झो-पे, मी सांगते.
अर्थ सांगत नाही. तिला हसू येईल,
आणि सुईचा हात आहे.

बाहेर टे नदीवर आता कुठे फटफटतंय.
बसस्टॉपवर उभी राहून
पर्समधल्या पुडीतली गोळी गिळते.
आठ पस्तीस.
म्हणजे चहा नऊ पस्तीसला.
तोवर बावीस नंबर तीनदा येऊन जाईल.
मला माहीत आहे,
मीच लावलीय.