चार वाजताचा फोन

मी तळमजल्यावर बसते, एक्स्चेंजच्या काचेमागे.
सव्वीस वर्षं झाली. चेहरे फारसे ठाऊक नाहीत मला,
आवाज ठाऊक आहेत.

शिकाऊ डॉक्टर नवे असतात तेव्हा म्हणतात,
"हो, मी डॉक्टर ओयार्सो बोलतेय, सांगा ना."
जूनपर्यंत त्यातलं "सांगा ना" गळतं.
मग नाव गळतं.
मग नुसतं "हं".
त्या "हं"च्याही खाली एक पायरी असते.
ती मी एकदाच ऐकली, आणि तार जोडून मोकळी झाले.
त्या मुलाचं नाव इथे घेत नाही,
त्याच्या आईला आवडायचं नाही.

तेव्हापासून पहाटे चारला, बोर्ड शांत असला
तर मीच लावते फोन, एकेका वॉर्डात.
"काय झालं? कितवा बेड?" रोमिना धापा टाकत.
"बेड नाही गं. जेवलीस का?"

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग हसू, की हुंदका; तारेतून दोन्ही सारखेच येतात.
"नेल्लीबाई, साडेतीनला एक बाळ गेलं.
मी वेळ लिहिली, सही केली,
आणि लगेच पुढच्या खाटेकडे गेले. लगेच."
मी काय बोलणार?
"नाव ठेवलं होतं का त्याचं?" एवढंच विचारलं.
तिने सांगितलं.
आम्ही दोघी ते नाव धरून बसलो,
बोर्डावर एकही दिवा नव्हता, देवाचीच कृपा.

वरून फर्मान निघालं होतं मागे:
मनःस्वास्थ्यावर व्याख्यान, गुरुवारी दोन ते चार, हजेरी सक्तीची.
रात्रपाळी करून आलेली पोरं पहिल्याच रांगेत घोरू लागली.
डॉक्टर मिलिचेविच बोलायला उभे राहिले, बघत राहिले,
मग त्यांनी दिवे घालवले, दार हलकेच लोटलं
आणि दोन तास बाहेर स्टुलावर राखण करत बसले.
तेवढं व्याख्यान मला पटलं.

आमच्या पुन्ता आरेनासला वारा चढला
की चौकाचौकात दोर बांधतात.
धडधाकट गडीसुद्धा धरतो,
कुणी विचारत नाही, पाय लटपटतात का तुझे?
वारा आहे. दोर आहे.

आज चारला मी हात पुढे करणार, तोच
बाळांच्या वॉर्डाचा दिवा पेटला.
काळजात धस्स झालं.
"सांगा," म्हटलं.
"काही नाही," रोमिना म्हणाली,
"बाहेर वारा फार आहे.
तुम्ही घरी कशा जाणार?"