सोमवारच्या गाड्या

सोमवारी पहाटे साडेपाचला
कर्वेनगरच्या सोसायटीत
मी समुद्र धुतो.

एक बादली, दोन फडकी, दात घासायचा जुना ब्रश.
रात्री उशिरा परतलेल्या गाड्या
आडव्यातिडव्या लावलेल्या.
मालक झोपलेले.
गाडी मात्र बोलते.

चाकाच्या खाचांत जांभ्याची लाल माती,
म्हणजे घाट उतरून खाली गेले.
काचेवर फुटलेले किडे, आणि एक अख्खा पंख.
दाराच्या कप्प्यात फणसाड अभयारण्याची पावती:
माणसं चार, वाहन एक.
शेकरू दिसलं की नाही
ते पावतीवर लिहीत नाहीत.
फेरीबोटीचं तिकीट, खाऱ्या हवेनं मऊ पडलेलं.
रिसॉर्टचा निळा कागदी पट्टा, मनगटावरून कापलेला.
मागच्या सीटवर सोलकढी सांडलेली.

डी विंगवाले वेळासला गेले होते, कासवं बघायला.
त्यांच्या मॅटवर वाळू कमी.
दोरीच्या अलीकडे उभे राहिले असणार,
शहाण्यासारखे.

हे सगळं मी क्रमानं लावतो.
पोराला उलटी कुठे झाली तेही सांगेन.
माणगावच्या आधी.

मी जिंतूरच्या पुढचा.
आमच्याकडे पाणी म्हणजे येलदरी धरण,
तेही भरलं तर.
पुण्यात अकरा वर्षं झाली.
समुद्र चार-पाच तासांवर आहे म्हणतात.
गाड्या जातात, येतात,
बाहेरून आलेल्याचे पाय धुवावेत
तसे मी त्यांचे पाय धुतो.

त्या सोमवारी टिपणीसांची डिकी नीट लागली नव्हती.
ओला टॉवेल, प्लास्टिकचं फावडं,
आणि पोराच्या बादलीत, वाळूवर,
एक शंख चालला.

शंख चालत नाही, एवढं मलाही कळतं.
उलटा केला तर आत लालसर नखी,
दाराला कडी लावून बसलेली.
दुसऱ्याच्या रिकाम्या घरात राहणारा,
माझ्यासारखा.
फक्त याला डिपॉझिट नाही.

टिपणीसबाई गॅलरीतून म्हणाल्या,
अगं बाई, जिवंत आहे?
सोड कुठेतरी. निहारला सांगू नकोस.

कुठेतरी.
पुण्यात.
मुठेत मीठ नाही.
बाकी सगळं आहे.

सात गाड्या तशाच ठेवल्या.
जेवणाचा डबा रिकामा केला, झाकणाला खिळ्यानं भोकं,
आत त्याचीच ओली वाळू.
सायकल थेट स्वारगेटला.

श्रीवर्धन गाडीचे ड्रायव्हर उंड्रे चहा पीत होते.
त्यांनी झाकण उघडलं, बघितलं,
हसले नाहीत.
कंडक्टर म्हणाला, याला अर्धं फाडू का?
उंड्रे म्हणाले, राहू दे, त्याचा पास आहे.
डबा इंजिनावर ठेवत होते,
मग स्वतःच उचलला
आणि सावलीच्या खिडकीला लावला.

गाडी सुटली.
मी कर्वेनगरला परत आलो, शिव्या खाल्ल्या,
राहिलेल्या सात धुतल्या.
धुताना हिशोब चालू होता:
आता पिरंगुट. आता मुळशीचं पाणी डाव्या हाताला,
की उजव्या? आता घाट.
पुढचा रस्ता मला माहीत नाही.
म्हणजे आहे, पण उलटा,
चिखलाच्या थरांतून वाचलेला,
शेवटाकडून सुरुवातीला.

गुरुवारी डबा परत आला.
उंड्रे म्हणाले, सोडला.
दोन पावलं गेला, थांबला.
मला वाटलं मेला.
मग लाट आली.

मी विचारलं, लाट केवढी?

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला,
वाकून
पायाच्या घोट्याशी हात नेऊन दाखवला.

दिवसाला मी चौदा गाड्या धुतो.
तो डबा अजून धुतलेला नाही.