पसंतीक्रम

रात्री साडेनऊ. भदौरियाच्या सायबर कॅफेत
स्क्रीनवर रिकाम्या चौकोनांची रांग.
एकदा लॉक केलं की उघडत नाही, तो म्हणाला
आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

ग्वाल्हेर. इंदूर. जबलपूर. रीवा.
मग सागर, जिथे आमचं कुणीच नाही,
मग दतिया, जिथे आम्ही नवस फेडायला जायचो
आणि कॉलेज आहे हे कधी कळलंच नाही.

कोचिंगचे सर म्हणाले होते, हॉस्टेल बघ,
ओपीडीला रोज किती पेशंट येतात ते बघ.
मामा म्हणाला, घर बघ.
दौलतगंजातून कंपूला टेम्पोचे दहा रुपये,
दुपारी गरम जेवायला येशील.

भाऊ काही म्हणाले नाहीत.
भाऊ सत्तावीस वर्षं त्याच कॉलेजात,
शरीररचना विभाग, तळमजला.
टाकीतून काढायचं, टेबलावर ठेवायचं,
संध्याकाळी ओल्या कापडाने झाकायचं.
घरी निघताना कोपरापर्यंत लिंबू चोळायचे.
सातवीपर्यंत मला वाटायचं
सगळ्यांच्या वडिलांना असाच वास येतो.

त्यांच्या हॉलमधून गेलेले लोक, आता मोठे सर्जन,
सराफ्यात गाडी थांबवून म्हणतात, सुर्वेदादा, कैसे हो?
काच खाली घेतात.
हात पुढे करत नाहीत.

रविवारी ते सायकलच्या साखळीला तेल घालत होते.
मी विचारलं, एक नंबरला ग्वाल्हेर टाकू ना?
इथं नको, म्हणाले,
आणि पॅडल उलटं फिरवत राहिले, बराच वेळ.

मला वाटलं, लाज.
त्यांना माझी वाटेल की मला त्यांची, ते ठरेना.
रागारागात एक वाक्यसुद्धा तयार केलं,
आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं:
मी सगळ्यांना सांगेन की हे माझे वडील.
चांगलं होतं वाक्य. वापरायची वेळ आली नाही.

कारण सोमवारी मूळनिवासी दाखला शोधताना
ट्रंकेतली फाइल उघडली.
रबरबँड विरघळून कागदाला चिकटलेलं.
विजेची बिलं, माझं लसीचं कार्ड,
दाखला, ज्यावर बाबूने सुर्वेचं 'सर्वे' केलेलं,
आणि त्याच्या मागे चार घड्यांचा कागद:
देहदान संकल्प-पत्र.
संस्थेचं नाव, तेच.
खाली भाऊंची सही, एकेक अक्षर दाबून काढलेली,
साक्षीदार म्हणून आईची.
तारीख मी चौथीत असतानाची.
तेव्हा मला पोलीस व्हायचं होतं.

कागद त्याच्याच घड्यांवर मिटला.
पोळ्या झाल्या, जेवणं झाली,
आईने मीठ कमी आहे का विचारलं.
नाही म्हटलं. होतं.

आता बाणाचं बटण दाबते आहे.
इंदूर वर जातं.
ग्वाल्हेर दोनवर, मग तीनवर,
मग हात थांबेना, सागरच्याही खाली.
भदौरिया म्हणाला, पागल हो क्या, घर का कॉलेज है!
मी म्हटलं, म्हणूनच.
त्याला मराठी येत नाही.
अकरा चाळीसला लॉक केलं.

भाऊ ओट्यावर जागे होते.
कुठलं?
इंदूर.
मान हलवली. मग थोड्या वेळाने,
तिथल्या हॉलवर एक तिवारी होता, रिटायर झाला असेल,
बघतो कुणाला फोन करून.

मी चपला काढल्या. ते उठले, कडी लावली,
दिवा घालवता घालवता म्हणाले,
पहिल्या दिवशी डोळे झोंबतील. चोळायचे नाहीत.
आणि पोरं गमतीने टेबलावरच्याला नाव ठेवतात.
तू ठेवू नकोस.
त्याला असतं.