राखण

अंबादासनं कॅनडातून पाठवलेली वाळू
शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत ठेवलीय,
बंद मागाच्या वरच्या फळीवर.
हिवाळाभर ती दगडासारखी गप्प होती.
मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला
तेव्हा तिला घाम फुटला. काळा.
झाकण उघडलं तर
अख्ख्या घरात हैदराबाद रोडचा वास,
नवं डांबर पडत होतं तेव्हाचा.

तिकडे जंगल गुंडाळून ठेवतात म्हणे, चादरीसारखं,
आणि खालची वाळू कढत पाण्यात धुतात.
तेल सुटतं.
उरलेलं पाणी कुठं जातं, विचारलं
तर म्हणाला, तळ्यात. मोठ्या तळ्यात.
एवढंच.

त्याच्याच पैशातून वरचा मजला चढला.
स्लॅबची वाळू सीनेची,
रात्री तीनला आलेली, बिनपावतीची.
तिऱ्ह्याजवळ नदीत आता पुरुषभर खड्डे आहेत.
मी कोणत्या तोंडानं विचारू तळ्याचं?

परवा फोनवर मागं धडाम् झालं.
म्हटलं, काय रे?
"तोफ आहे, आक्का. पाखरं हुसकायची."
मला हसूच आलं.
मोहोळला, दुसऱ्याच्या रानात, माळ्यावर उभं राहून
आम्ही दोघं गोफण फिरवायचो
मालदांडीच्या कणसांसाठी.
हात भरून यायचे.
म्हटलं, तिथं काय पेरलंय?

बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला,
"पेरलं काही नाही.
इथं पाखरंच राखायची असतात.
त्या पाण्यावर बसली
की उठत नाहीत."