हरवण्याची सोय

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेड नंबर बावीसमध्ये
मी खिडक्यांच्या चौकटींना रंगाची पूड चढवतो.
बंदुकीतून सुटलेली पूड लोखंडाला आपणहून धरते,
मग भट्टीत वीस मिनिटं.

दस्तगीर मुल्लाणी लॅबमधला.
त्यानं शेवाळी रंगाची एक पूड आणली, चिमटीत किंचित जड.
म्हणाला, हिच्यात कसलेसे कण आहेत,
लहर सोडली की ओ देतात.
"तुझ्या घरी रोज काय ना काय हरवतंय न्हवं?
घे, महिनाभर ट्रायल मार."

शनिवारी पिशवीतून हत्यारं नेली.
टेस्टर, हातोडी, दहा-अकराचा पाना,
रत्नमालानं वरून टाकलेली सांडशी,
आणि पक्कड, जिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
ट्यूब सोडवली, टेस्टरची मूठ काढली,
कुणा बिल्डरच्या गेटांच्या मधे आकड्यांना टांगून
माझा संसार भट्टीतून गेला.

सांडशीचा लेप तिसऱ्या दिवशी गॅसवर करपला.
घरभर वास.
ती आता पहिल्यासारखी हरवते.

बाकीच्यांसाठी साबणाच्या डबीएवढं यंत्र.
टेस्टर फ्रिजमागे सापडला,
हातोडी गच्चीवर, टाकीखाली,
पाना स्कूटरच्या डिकीत, जिथं मी तीनदा बघितलं होतं.
मला जरा चढलंच.
शेजारची पोरं मुद्दाम वस्तू लपवायची
आणि मी यंत्र घेऊन हिंडायचो, भुताळ्यासारखा.

चौथ्या आठवड्यात पक्कड गेली.
स्वयंपाकघरात यंत्र गप्प. मोरीत गप्प.
सामाईक भिंतीपाशी, कॅलेंडरच्या खाली
ते एकदम बोलायला लागलं.

भिंतीपलीकडे आदगोंडा चौगुले.
हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं तोलार.
पुराच्या साली सांगलीहून माझ्या मेहुण्याची सात माणसं आली,
तेव्हा न विचारता खोलीची किल्ली देणारे.
आदल्याच दिवशी मी विचारलं होतं, अण्णा, पक्कड बघितली का?
"न्हाई बा," म्हणाले. "हरवली असंल."

हरवली.
किती सोयीचा शब्द. त्याला कुणी कर्ता लागत नाही.
वस्तू आपली आपण हरवते, वाक्य तिथंच मिटतं.
नेली म्हटलं की लगेच
कुणीतरी 'नं' लावून मागं उभा राहतो,
त्याला नाव असतं, दार असतं,
आणि उद्या सकाळी त्याच्याशी बोलायचं असतं.

रत्नमाला म्हणाली, यंत्र बंद करा आधी, ऐकू जाईल.

रविवारी तासगावची द्राक्षं घेऊन गेलो.
"धुऊन देतो," म्हणत अण्णा नळापाशी गेले.
नळाची मूठ तुटलेली, नुसता दांडा वर आलेला.
कट्ट्यावर माझी पक्कड. शेवाळी. ट्यूबसकट.
त्यांनी दांडा पकडीत धरला,
हात थरथरला, एकदा सुटला,
दुसऱ्यांदा पाणी आलं.
मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"पोरानं पाठवलीय," म्हणाले. "पुण्याहून."
"रंग चांगला बसलाय," मी म्हणालो.
ही तर माझ्या कामाची तारीफ होती, पण असो.
द्राक्षं आंबट निघाली. दोघांनीही गोड म्हटली.

येताना मनात आलं, नळाची मूठ बसवून द्यावी.
पण ती बसवायला पक्कड लागते,
आणि पक्कड मागायची कुणाकडं?

सोमवारी दस्तगीरनं फॉर्म पुढं केला,
प्रत्येक वस्तूला एक रकाना.
टेस्टर: सापडला. हातोडी: सापडली. पाना: सापडला.
सांडशी: करपली.
"आणि ही?" त्यानं बोट ठेवलं. "भिंतीतनं लहर जात न्हाई काय?"
जाते की, चांगली जाते, असं तोंडात आलं होतं.

पकडीच्या रकान्यात मी लिहिलं:
हरवली.